परसाकडची विहीर

वाईला आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात आड होता आणि परसाच्या पार टोकाला, गडग्याला टेकून, संडास. आजी रात्री कंदील घेऊन उठली की म्हणायची, "परसाकडे जाऊन येते गं." लहानपणी मला तो नुसता एक शब्द वाटायचा. त्या शब्दात पत्ता आहे हे फार पुढे कळलं. तेव्हा मी वाईपासून १३ हजार किलोमीटरवर, मिसिसिपीच्या काठच्या सेंट लुईस शहरात, हातात पाच फुटी लोखंडी सळई घेऊन एका परक्या बाईंच्या परसात उभी होते.

इथल्या जुन्या वस्त्यांत घरामागे विटांनी बांधलेले गोल शौचकूप गाडले गेलेले आहेत. दिसायला थेट आपल्याकडच्या आडासारखे, चार-पाच फूट रुंद, दहा ते वीस फूट खोल, काही त्याहूनही खोल. इथे त्यांना प्रिव्ही म्हणतात. त्या काळी घरचा कचरा न्यायला कोणी येत नसे. दारात फुटकी बशी किंवा रिकामी औषधाची बाटली ठेवून करायचं काय? परसात एक खोल खड्डा होताच, त्यात टाकायची. पुढे सांडपाण्याचं गटार आलं, घरात नळ आणि संडास आले, मग उरलेला खड्डा राख, विटा, माती, जे हाताला लागेल ते टाकून बुजवला. वर गवत उगवलं. तीन-चार पिढ्या त्याच्यावरून चालल्या आणि खाली काच होती तशी राहिली.

हे खड्डे शोधणारी, खणणारी आणि परत बुजवणारी माणसं इथे बरीच आहेत. मला यात आणलं आमच्या गल्लीतल्या एका सत्तरीतल्या गृहस्थांनी. गॅसच्या पाइपलाइनी टाकण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे जमीन पायाखाली कशी बोलते हे त्यांना कळतं. आम्ही घरी त्यांना काका म्हणतो, इथेही काकाच म्हणते. त्यांच्या व्हरांड्याच्या खिडकीत निळ्या-हिरव्या बाटल्या उन्हात लावलेल्या असायच्या. एकदा सहज विचारलं आणि ते म्हणाले, "शनिवारी ये. जुने बूट घालून ये." त्या शनिवारी मी फक्त बादल्या ओढल्या. आता सांगतेय तो खड्डा त्यानंतरचा, मी पहिल्या सळईपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत होते तो.

सुरुवात घरात बसूनच होते, नकाशांवर. या बाबतीत सेंट लुईस भाग्यवान शहर आहे. १८७५ साली कॅमिल ड्राय नावाच्या माणसाने हे सगळं शहर उंचावरून पाहिल्यासारखं रेखाटलं आणि रिचर्ड कॉम्प्टनने ते छापलं. एकशे दहा पानं. एकेक घर, चिमणी, कुंपण, झाड, नदीतली आगबोट. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ती पानं मोठी करून बघता येतात. मी पहिल्यांदा सूलार्ड भागाचं पान उघडलं तेव्हा रात्रीचे दीड वाजेपर्यंत उठले नाही. जर्मन लोकांनी वसवलेला हा भाग. लाल विटांची घरं, काहींचं छप्पर एकाच बाजूला उतरतं, अर्धं घर कापून नेल्यासारखं. चित्राच्या कोनामुळे काही घरांची परसं घरामागे झाकली जातात, पण ज्यांची दिसतात त्यांच्यात मागच्या बोळाला लागून बारक्या खोपटांची रांग दिसते. त्यातलं कोणतं लाकडाचं, कोणतं कोंबड्यांचं आणि कोणतं आपलं, हे ओळखायला पुढचा नकाशा लागतो.

तो सॅनबॉर्न कंपनीचा. १८६७ पासून ही कंपनी आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे काढत आली. ५० फूट म्हणजे एक इंच. विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं, दगडी निळं. विमा कंपनीला आग कुठून कुठे जाईल हे बघायचं होतं, म्हणून त्यांनी परसातली खोपटंसुद्धा सोडली नाहीत. दोन नकाशे शेजारी ठेवायचे. पहिल्यात आहे आणि नंतरच्यात नाही असं बोळाकडचं बारकं चौकोनी घर दिसलं की त्यावर पेन्सिलीने खूण करायची. आमच्या त्या घराच्या मागे अशा दोन खुणा पडल्या, एक मधोमध आणि एक उजव्या कोपऱ्यात, कुंपणापासून हातभर.

आजीचा शब्द आठवला तो तेव्हा. माणूस वाईचा असो नाहीतर जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेला, स्वयंपाकघरापासून लांब, पाण्यापासून लांब, कुंपणाच्या आत.

पाण्यापासून लांब हे लोक शिकले मात्र फार महागात. १८४९ च्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत सेंट लुईस शहराच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकी माणसं गेली. त्यानंतरच शहराने गटारं बांधायला घेतली. पण गटार रस्त्यात आलं म्हणून घरात येत नाही. पुढची कित्येक वर्षं हे खड्डे वापरात राहिले, आणि म्हणूनच आम्हाला खणायला आहेत.

घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. काकांनी आधी पत्र टाकलं होतं, मग आम्ही दोघं जाऊन भेटलो. परवानगीशिवाय कोणाच्याही जमिनीत सळई घालायची नाही हा काकांचा पहिला नियम. रिकामा पडलेला प्लॉट दिसला तरी त्याला मालक असतोच, आणि सरकारी जमिनीवर तर खणायचा विचारही करू नये, तिथे कायदे कडक आहेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या. गुलाबाच्या झुडपाला धक्का लागता कामा नये, आणि सापडेल ते सगळं आधी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येईल, त्यातलं त्यांना हवं ते त्या ठेवतील. काका म्हणाले, "तुमचंच आहे ते." मी आणलेला चिवड्याचा डबा टेबलावर राहिला आणि आमचं ठरलं.

मग ८११ ला फोन. अमेरिकेत कुठेही खणण्याआधी या नंबरवर काही दिवस आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत. माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात. पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची, हिरवी सांडपाण्याची, नारिंगी फोनची. आमच्या परसात पिवळी रेघ डाव्या बाजूने गेली होती, आमच्या खुणांपासून बारा फूट. काकांनी ती पावलांनी दोनदा मोजली. गॅसवाल्या माणसाची सवय, आणि ती मला फार धीर देऊन गेली.

सळईचं काम मात्र सांगून कळत नाही, हातालाच कळतं. पोलादी, बोटाएवढी जाड, वर आडवी मूठ, आणि टोकाला सळईहून जरासा जाड गोळा, म्हणजे तिने पाडलेल्या भोकात मागची सळई घासत नाही आणि जे जाणवतं ते टोकाचंच जाणवतं. मुठीवर अंगाचं वजन टाकत हळूहळू दाबायचं. जी माती कधी कोणी हलवली नाही तिच्यात सळई जड पण एकसारखी जाते. सेंट लुईसची माती वाऱ्याने आणून टाकलेली, पिवळसर, बारीक, गच्च बसलेली, त्यामुळे हा एकसारखेपणा चांगला कळतो. भरावात ती अडखळते. राख लागली तर करकर येते, जाडं मीठ दाताखाली यावं तशी. वीट लागली की मुकी ठक्क, थेट मनगटापर्यंत. काच लागली तर बारीक चिरका आवाज, पाटीवर नख ओढल्यासारखा, आणि तिथे लगेच थांबायचं, कारण पुढचा दाब बाटली फोडेल. आणि कधी कधी सळई एकदम हातभर आत जाते. पोटात गोळाच येतो.

मधल्या खुणेवर आम्हाला वीट लागली. पुढे अर्ध्या हातावर परत वीट. वीतभर वीतभर सरकत आम्ही बांबूच्या काड्या रोवत गेलो आणि तासाभरात गवतावर काड्यांचा गोल उभा राहिला. मला केवढा आनंद झाला होता! काका गप्प होते. गोल सहा फुटांहून मोठा भरत होता, ते त्यांना आवडलं नव्हतं. तरी खणायला घेतलं. पाच फुटांवर गेल्यावर त्यांनी आतल्या भिंतीवरची माती हाताने पुसली आणि माझा हात धरून तिथे ठेवला. गुळगुळीत. आतून गिलावा केलेला होता. हे पावसाच्या पाण्याचं टाकं होतं, छपराचं पाणी साठवायचं. पाणी राहायला हवं म्हणून गिलावा, आणि मैल्याच्या खड्ड्याला तो सहसा नसतो, त्यातलं पाणी तर झिरपून जायला हवं असतं. आत सापडल्या त्या सगळ्या यंत्रावर बनवलेल्या बरण्या आणि गंजलेले डबे. संध्याकाळपर्यंत आम्ही ते बुजवलं. चौघांचा एक अख्खा दिवस गेला. घरी जाऊन मी वहीत एवढंच लिहिलं: गोल मोठा असेल तर आधी गिलावा बघणे.

कोपऱ्यातली खूण दुसऱ्या आठवड्यात. ऑक्टोबरचे दिवस, दोन आठवडे पाऊस नव्हता, माती कोरडी. इथे काड्यांचा गोल साडेचार फुटांचा आला आणि मध्ये सळई पूर्ण पाच फूट राखेतून करकरत गेली. काकांनी टोपी काढून परत घातली. खूश झाले की ते तसं करतात.

गवत आधी चौकोनी तुकड्यांत कापून मुळांसकट बाजूला मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं. सगळीकडे ताडपत्र्या. माती ताडपत्रीवरच पडली पाहिजे, म्हणजे शेवटी परस झाडून दिल्यासारखं राहतं. चार फुटांनंतर वर तिवई उभी केली, तिला कप्पी, कप्पीतून दोर. खाली एक जण आखूड दांड्याचं फावडं आणि खुरपं घेऊन, वर दोघं ओढायला, चौथा ताडपत्रीवर माती चाळायला. साडेचार फूट रुंद आणि चौदा फूट खोल म्हणजे जवळपास साडेसहा घनमीटर माती. दोन दिवसांत चारशेच्या वर बादल्या वर आल्या. माझ्या तळहाताला त्याची खूण अजून आहे.

जीवाबद्दल बोलायलाच हवं. एका घनमीटर मातीचं वजन दीड टनाहून जास्त भरतं, कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा स्वतः निघू शकत नाही. इथे कामगारांसाठी नियम आहे, पाच फूट किंवा त्याहून खोल चर असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. विटांचा खड्डा त्या मानाने बरा, कारण ती भिंतच आधार असते. पण खालच्या विटा बहुतेक वेळा चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या असतात, पाणी झिरपावं म्हणून, त्यामुळे दर फुटाला काका विटांवर मुठीने ठोकून बघायचे. एकही वीट काढायची नाही, कितीही सुंदर असली तरी. लाकडी फळ्यांचे खड्डे असतात, त्यांच्या फळ्या केव्हाच कुजलेल्या असतात. तसल्या खोल खड्ड्यात मी आजही उतरत नाही.

आणि वायू मोजायचं यंत्र. हे माझ्या हट्टाने आलं. काका म्हणत होते की शंभर वर्षांत सगळं मातीच झालेलं असतं, काही होत नाही. पण मी आपल्याकडच्या बातम्या वाचत मोठी झाले. मैल्याच्या टाकीत एक उतरला, तो पडला म्हणून दुसरा उतरला, तिसरा उतरला. ती नावं नेहमी कोणत्या वस्त्यांतली असतात हेही आपल्याला माहीत आहे. आमच्या वाड्याच्या संडासाला मागच्या बोळातून खाली एक बुटकं दार होतं. माझ्या लहानपणी ते विटांनी चिणलेलं होतं. ते कोणासाठी होतं, त्यातून डोक्यावर टोपली घेऊन कोण बाई जायची, हे घरात कधी कोणी बोललं नाही. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध आपल्याकडे १९९३ ला कायदा झाला, परत २०१३ ला झाला, आणि तरी बातम्या थांबल्या नाहीत. म्हणून मी खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून सांगितलं, यंत्र खाली सोडल्याशिवाय कोणी उतरणार नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ते दोराला बांधलं. आता ते कधीच विसरत नाहीत.

वरचे चार फूट नुसता राडारोडा, विटांचे तुकडे आणि गिलावा. मग राख. कोळशाच्या शेगडीची राख, तिच्यात जळके खडे आणि गंज. इथे पहिली बाटली आली, जाड काचेची सोड्याची, गळ्यात अजून तारेचा वाकडा आकडा. ही हचिन्सनची बाटली. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सनने १८७९ साली या बुचाचं पेटंट घेतलं, तार खाली दाबली की रबराची चकती सुटायची आणि आवाज व्हायचा. काकांना मी आपल्या गोटीसोड्याबद्दल सांगितलं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची ती युक्ती, तीही १८७० च्या दशकातलीच, आणि अमेरिकेत ती फारशी रुजली नाही, त्यामुळे काकांनी उभ्या आयुष्यात एकही गोटीची बाटली खणून काढलेली नव्हती. मी त्यांना अंगठ्याने गोटी कशी दाबायची ते करून दाखवलं, आणि सत्तरीचा माणूस लहान मुलासारखा परत परत विचारत राहिला.

बाटलीचं वय वाचायला मी त्याच दिवशी शिकले. साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण बाटलीच्या अंगावरून वर जाते. ती ओठाच्या खालीच संपली तर ओठ हाताने घडवलेला आहे. ओठावरून पार तोंडापर्यंत गेली तर यंत्राची बाटली, म्हणजे टोलेडोच्या मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास आपलं यंत्र आणलं त्यानंतरची. तळाला खरखरीत कडं असेल, जिथे काम करताना दांडा चिकटवून मोडून काढलेला असतो, तर बहुधा १८६० च्या दशकाच्या आधीची. काच फिकट समुद्री रंगाची दिसते ती वाळूतल्या लोखंडामुळे, तो रंग कोणी मुद्दाम दिलेला नसतो. आमच्या सोड्याच्या बाटलीची शिवण ओठाखाली संपत होती, आणि मी ते बोटाने तपासत किती वेळ बसले होते कोण जाणे.

इथेच माझं आणि काकांचं वाजलं. मला प्रत्येक थराची खोली मोजून वहीत लिहायची होती, कोणती वस्तू किती फुटांवर, कोणत्या मातीत. खाली उतरलेला माणूस दरवेळी थांबतो, वर दोर ताटकळतो, ऊन उतरतं. काका म्हणाले, "बाटलीवर सगळं लिहिलेलंच असतं. तू कशाला लिहितेस?" मी म्हटलं की बाटलीवर तिचं नाव लिहिलेलं असतं, ती कोणाबरोबर पडली ते नसतं. पुरातत्त्वाच्या लोकांचा या छंदावर जो राग आहे तो मला पूर्ण पटतो. खड्डा एकदाच उकरता येतो. थर मिसळले की त्या घराची हकीकत कायमची गेली, आणि हातात उरतात सुट्या बाटल्या. या परसांत एरवी कोणी अभ्यासक येणार नाही, नव्या गराजचं काँक्रीट येईल, हेही खरं. पण म्हणूनच जो खणतो त्याने लिहिलंच पाहिजे. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खालून त्यांचा आवाज आला, "साडेआठ फूट. चुना. जाडी चार बोटं. लिही."

त्या रात्री खड्ड्यावर जाड प्लायवूड टाकून वर दगड ठेवले आणि भोवती जाळी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली मी उतरले.

चुन्याखाली माती बदलली. काळपट, मऊ, हलकी, दाबली तर लोण्यासारखी. वास म्हणाल तर बंद तळघराचा, ओल्या पानांचा, बाकी काही नाही. ही वापराची माती. तिच्यात बिया होत्या, हजारोंनी, मोहरीएवढ्या. रासबेरीच्या आणि टोमॅटोच्या बिया, असल्या मातीत हवा पोचत नाही म्हणून टिकतात. हातावर घेऊन बघत राहिले. कोणत्या तरी उन्हाळ्यात कोणी तरी पोटभर रासबेऱ्या खाल्ल्या होत्या. एका बाजूला भिंतीजवळ माती खरवडून नेल्यासारखी कमी होती. खड्डा भरला की रात्रीच्या वेळी माणसं गाड्या घेऊन येत आणि उपसून नेत, बऱ्याच ठिकाणी ते शेतात जाई. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणत. उपसणाऱ्याचं फावडं कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जुनं ते कडेला शिल्लक राहतं. मी कडेनेच खुरप्याने जात होते.

अकरा फुटांवर चिनी मातीची बाहुली निघाली, बोटाएवढी, उभी, हात अंगाशी. मग पांढऱ्या मातीच्या चिलमीचा तुकडा. मग डॉक्टर मॅक्लीनच्या तेलाची बाटली, 'व्होल्कॅनिक ऑइल लिनिमेंट' अशी उठावाची अक्षरं, ही याच शहरातली. आणि त्याच्या शेजारी, एकमेकींना टेकून आडव्या पडलेल्या, तीन सारख्या बाटल्या.

लहान, गोल, फिकट समुद्री रंगाच्या, वीतभरही नाहीत. मी खुरपं टाकलं आणि बांबूच्या चपट्या काडीने माती सोडवायला लागले. लोखंड काचेला लावायचं नसतं, आणि ओढायचं तर अजिबात नसतं, सगळीकडून मोकळी होईपर्यंत वाट बघायची. पहिली सुटली तेव्हा माझ्या तळहातात थंडगार बसली. आत गळ्यापर्यंत काळी माती, वर काचेला इंद्रधनुष्यासारखा बारीक पापुद्रा. अंगठ्याने पुसत गेले तशी अक्षरं आली. मिसेस विन्स्लोज. सूदिंग सिरप. कर्टिस अँड पर्किन्स.

काकांनी वरून विचारलं काय आहे. मी वाचून दाखवलं आणि वर सगळे गप्प झाले. हे औषध त्यांना माहीत होतं. दात येताना रडणाऱ्या बाळांना द्यायचं सरबत, मेन राज्यातल्या बँगर गावातून आलेलं, घरोघरी खपलेलं. त्यात मॉर्फीन होतं. १९०६ चा शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा येईपर्यंत बाटलीवर तसं लिहिण्याची सक्तीच नव्हती. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांना बाळांचे मारेकरी म्हटलं. किती बाळं झोपली आणि उठली नाहीत याची मोजदाद कोणाकडे नाही.

मला आजी आठवली. ती सांगायची, रोजावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफू चाटवून झोळीत टाकायच्या आणि बांधाला खुरपायला जायच्या. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका अफूची बाळागोळी द्यायच्या. कोणाला आपलं मूल मारायचं नव्हतं. कामावर जायचं होतं, आणि मूल रडत होतं.

मी वहीत लिहिलं: अकरा फूट तीन इंच, काळी माती, उत्तर बाजू, तीन बाटल्या आणि चार बोटं वर बाहुली. तिन्ही एकाच थरात, म्हणजे थोड्याच काळात टाकलेल्या. म्हणजे एकच बाळ असावं, किंवा पाठोपाठची दोन. बाहुली त्यांच्या वरच्या मातीत, म्हणजे नंतर पडलेली. कोणाची तरी बाहुली नंतर पडली. याहून जास्त त्या खड्ड्याने सांगितलं नाही, आणि जास्त लिहायचा मला अधिकार नाही. पण संध्याकाळी काकांनी माझी वही मागून घेतली आणि गाडीत बसून ते पान दोनदा वाचलं.

चौदा फुटांवर पिवळी, कोणी न हलवलेली माती लागली. तळ.

बाटल्या वर आल्या की उन्हात ठेवायच्या नाहीत. चौदा फुटांवरची थंड काच एकदम तापली तर तिथल्या तिथे तडकते. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत, आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात. आमच्या एकूण एकतीस निघाल्या, त्यातल्या एकोणीस धड. बाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळ्या मांडल्या. रंगीत, महागड्या म्हणता येतील अशा दोन होत्या, एक गडद पिंगट चौकोनी बिटर्सची, म्हणजे कडू औषधी दारूची, आणि एक निळी. बाईंनी त्या बाजूला सारल्या आणि तीनही सिरपच्या बाटल्या, बाहुली आणि चिलीम आपल्याकडे ओढली. म्हणाल्या, "ही माझ्या घरातली माणसं आहेत."

भरायला खणण्याइतकाच वेळ लागतो आणि भरणं नीट नसेल तर पुढच्या वेळी कोणी परवानगी देत नाही. फूटभर माती टाकायची, धुम्मसाने ठोकायची, परत फूटभर. विटा आणि राडा तळाला, चांगली माती वर. अर्ध्यावर आल्यावर काकांनी खिशातून त्या वर्षाचं नाणं काढून टाकलं. पुढे कधी कोणी इथे खणलं तर त्याला कळावं की हा खड्डा झालेला आहे, त्याचे श्रम वाचावेत. मी वहीतल्या पानाची एक प्रत बरणीत घालून झाकण मेणाने बंद केलं आणि ती नाण्याशेजारी ठेवली. इंग्रजीत आणि खाली मराठीत. मग गवताचे चौकोन जागच्या जागी बसले, बाईंनी स्वतः पाणी घातलं. गुलाब शाबूत होता.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. बर्फ वितळून पाऊस झाला होता आणि कोपऱ्यात जमीन चार बोटं खचली होती. कितीही ठोकलं तरी इतकं बसतंच. काका आणि मी मातीची पोती घेऊन गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बाटल्या सकाळच्या उन्हात होत्या, बाहुली त्यांच्यामध्ये. बाहेर हिरवळीवर पुरता गोल उमटला होता, साडेचार फुटांचा, कंपासने काढावा तसा, आणि आतलं गवत बाहेरच्यापेक्षा गडद. मी गुडघे टेकून गवताची कड उचलली, काकांनी पोतं ओतलं, आणि आम्ही हाताने माती सारखी करायला लागलो.